थंडीत गिनीपिगांना कोठे ठेवावे?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. आमच्याकडे दोन गिनीपिग आहेत, दोन्ही माद्या आणि सख्ख्या बहिणी. जूनमध्ये त्या घरी आल्यापासून तळमजल्याच्या मागच्या गॅलरीत राहतात. गॅलरीला तीन बाजूंनी जाळी आहे, खाली शहाबादी फरशी आहे आणि पिंजरा थेट फरशीवर ठेवलेला आहे. आमचे घर निफाडच्या बाजूला, शेतांना लागून आहे. दिवाळी सरली की येथे पहाटेचा गारठा वाढू लागतो आणि डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

त्यांना आत घ्यावे असे मला मनापासून वाटते, परंतु घरातील जागांचा विचार केला की अडचणी उभ्या राहतात. बैठकीच्या खोलीत आमचा कुत्रा असतो. सासूबाईंना दमा आहे आणि वाळल्या गवताच्या धुळीचा त्यांना त्रास होतो, त्यामुळे त्यांच्या खोलीचा प्रश्नच येत नाही. स्वयंपाकघर आणि मागचे दार यांच्यामध्ये एक बोळ आहे, तो तेवढा मोकळा आहे; मात्र दाराच्या फटीतून वारा येतो. ज्या दुकानातून आम्ही त्या आणल्या, तेथे शंभर वॉटचा दिवा पिंजऱ्यावर टांगण्यास सांगितले आहे. दिवा लावून गॅलरीतच ठेवावे, फक्त रात्री आत घ्यावे, की पूर्ण हिवाळाभर बोळात ठेवावे? अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सिंहगडपायथा (पुणे)

तीन बाजूंनी उघडी गॅलरी आणि त्यात खाली शहाबादी फरशी, ही जागा थंडीसाठी योग्य नाही. फरशी रात्रभर गार पडत जाते आणि गिनीपिगाचे पोट जमिनीपासून जेमतेम बोटभर वर असते. आम्ही दरवर्षी नोव्हेंबरच्या मध्यापासून पिंजरा आत आणतो आणि होळीपर्यंत आतच ठेवतो.

रानवाट (जुन्नर)

माझे मत थोडे वेगळे आहे. मी गिनीपिग पाळलेले नाहीत, पण कोंबड्या आणि शेळ्या अनेक वर्षांपासून सांभाळतो. गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा प्राणी आहे. तेथील उंची आणि थंडी पाहता नाशिकची थंडी त्याला जड जाऊ नये. आपण पाळीव प्राण्यांना आत कोंडून नाजूक करतो आणि मग ते वारंवार आजारी पडतात. दिव्याबद्दल म्हणाल तर कोंबडीच्या पिल्लांना आम्ही ब्रूडरमध्ये दिव्याचीच ऊब देतो आणि ती व्यवस्थित वाढतात. गॅलरीला ताडपत्री बांधून दिवा लावला तर पुरेसे होईल, असे मला वाटते.

पशुवैद्य_कृष्णाकाठ (सांगली)

रानवाट यांचा मुद्दा अनेकांच्या मनात असतो, म्हणून त्याला नीट उत्तर देतो.

अँडीजचा उल्लेख बरोबर आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष तपासून पाहावा लागेल. पेरू, बोलिव्हिया आणि इक्वाडोरच्या डोंगराळ भागांत माणसाने हा प्राणी काही हजार वर्षांपूर्वी पाळीव केला आणि तेव्हापासून तो मुख्यतः माणसाच्या घरात, बहुतेक वेळा चुलीच्या आसपास, स्वयंपाकघरातच वाढला. आज आपल्या घरी असलेला गिनीपिग रानात आढळतच नाही. त्याचे रानटी भाऊबंदही उघड्यावर झोपत नाहीत. ते दाट गवतात, कपारींत किंवा इतर प्राण्यांनी सोडलेल्या बिळांत, कळपाने राहतात. म्हणजे डोंगरावरच्या थंडीतही त्यांना आडोसा, कोरडे गवत आणि शेजारी दुसऱ्याचे ऊबदार अंग मिळत असते. उघड्या जाळीच्या गॅलरीत यांपैकी फक्त शेवटची गोष्ट उपलब्ध आहे.

तापमानाचे म्हणाल तर सुमारे १८ ते २४ अंश सेल्सिअस या टप्प्यात हा प्राणी सुखात असतो. तापमान १५ अंशांखाली जाऊ लागले की त्याला आत घ्यावे, असा ब्रिटनमधील आरएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेचाही सल्ला आहे. याचा अर्थ चौदा अंशांना तो लगेच आजारी पडतो असा नाही. कोरडा, धष्टपुष्ट, जोडीने राहणारा प्राणी काही तास गारठा सोसू शकतो. परंतु गार वारा, ओल आणि दिवस-रात्रीच्या तापमानातील मोठी तफावत या तीन गोष्टी एकत्र आल्या की श्वसनमार्गाचे आजार बळावतात. नाशिकला डिसेंबरमध्ये दुपारी २८ अंश आणि पहाटे १० अंशांच्याही खाली, अशी स्थिती असते. एका दिवसात एवढा चढउतार लहान अंगाच्या प्राण्याला थकवतो, म्हणून मी या तफावतीला प्रत्यक्ष आकड्याइतकेच महत्त्व देतो.

कोंबडीच्या पिल्लाची तुलना येथे लागू होत नाही. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या अंगावर फक्त मऊ लव असते, पक्की पिसे नसतात, स्वतःची ऊब टिकवता येत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३५ अंश तापमान द्यावे लागते. गिनीपिगाचे पिल्लू मात्र पूर्ण केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येते. त्याला वरून उष्णता देण्याची नव्हे, तर अंगातील ऊब बाहेर जाऊ न देण्याची गरज असते. शंभर वॉटचा दिवा पिंजऱ्याचा एक कोपरा तापवतो, बाकीचा पिंजरा थंडच राहतो, रात्रभर उजेड असल्याने प्राण्याची विश्रांती मोडते आणि जवळच वाळले गवत असल्यामुळे आगीचा धोका राहतो. शिवाय पहाटे वीज गेली तर सर्वांत थंड वेळी ऊब अचानक नाहीशी होते. त्या ताडपत्री बांधलेल्या गॅलरीत दुपारी किती उकडेल, याचाही विचार करावा, कारण साधारण २६ अंशांच्या पुढे या प्राण्याला उष्माघाताचा धोका सुरू होतो.

आणखी एक महत्त्वाची बाब कुत्र्याची. बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका नावाचा जिवाणू कुत्र्यांच्या आणि सशांच्या श्वसनमार्गात असू शकतो. त्यांना त्याने फारसे काही होत नाही किंवा केवळ खोकला होतो. गिनीपिगांत मात्र त्यामुळे न्यूमोनिया होऊन प्राणी दगावू शकतो. म्हणून कुत्रा कितीही शांत असला तरी बैठकीची खोली टाळावी, हा आपला निर्णय योग्य आहे. माझ्या मते बोळच घ्यावा आणि दाराची फट बंद करावी.

रानवाट (जुन्नर)

डॉक्टरसाहेब, घराचा आणि चुलीचा मुद्दा मला पटला. परंतु एका गोष्टीवर मी ठाम आहे. थंडीच्या भीतीने लोक खुराडे सगळीकडून प्लास्टिकने बंद करतात आणि सकाळी आत डोकावले तर डोळ्यांना झोंबेल एवढा वास कोंडलेला असतो. माझ्या पाहण्यात थंडीपेक्षा या कोंडलेल्या हवेने अधिक पक्षी आजारी पडले आहेत. बोळ अरुंद आहे, फट बंद केली तर हवा कोठून येणार?

पशुवैद्य_कृष्णाकाठ (सांगली)

हा आक्षेप अगदी योग्य आहे आणि तो मी आधीच मांडायला हवा होता. मूत्रातून तयार होणारा अमोनिया फुप्फुसांच्या अस्तराला इजा करतो आणि त्यावर जंतुसंसर्ग सहज बसतो. गिनीपिग नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे नाक चोंदले की त्याचे खाणेही थांबते. म्हणून वारा अडवायचा तो जमिनीलगतचा, आणि हवा खेळती ठेवायची ती वरून. दाराखालची फट कापडी गुंडाळीने बंद करावी आणि बोळाला वर झरोका असेल तर तो उघडाच ठेवावा. पिंजऱ्यावर प्लास्टिक मुळीच घालू नये, त्याच्या आतून पाणी धरते आणि गवत ओलसर होते. तीन बाजूंना जाड सुती चादर आणि समोरची बाजू मोकळी, एवढे पुरते. मूत्राचे कोपरे मात्र थंडीतही रोज साफ करावे लागतात. गारठ्यामुळे हे काम टाळण्याकडे आपला कल होतो, हे मी अनेक घरांत पाहतो.

लीड्सवासी (इंग्लंड)

येथे पूर्वापार बागेतल्या लाकडी खुराड्यात गिनीपिग ठेवण्याची पद्धत आहे आणि आमच्या शेजारी आजही काही घरांत ती दिसते. तेथील व्यवस्था अशी असते: खुराडे पायांवर उचललेले, छप्पर पाणी न गळणारे, तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला आणि झोपण्याचा कप्पा वेगळा, गवताने गच्च भरलेला. तरीही आता बहुतेक जाणकार हिवाळ्यात प्राणी घरात किंवा ऊब टिकवणाऱ्या शेडमध्ये हलवण्यास सांगतात. आमच्याकडे खरा शत्रू ओल हा आहे. पाण्याच्या बाटलीची नळी रात्री गोठते आणि आतले पाणी दिसत असूनही प्राणी तहानलेला राहतो. नाशिकला ही अडचण येणार नाही, तरी सकाळी नळीतून थेंब पडतो ना, हे बोट लावून पाहावे. गाडी उभी करण्याच्या बंदिस्त गॅरेजमध्ये काही जण पिंजरा ठेवतात, ते मात्र घातक आहे, कारण गाडीचा धूर तेथेच कोंडतो.

ऊब द्यायचीच असेल तर येथे मायक्रोवेव्हमध्ये तापवण्याची चकती मिळते. ती कापडात गुंडाळून झोपण्याच्या कप्प्यात एका बाजूला ठेवतात, म्हणजे नको असेल तेव्हा प्राण्याला दूर सरकता येते.

माहीमची_खाडी (मुंबई)

मुंबईत आम्हांला यातले काही करावे लागेल का? आमच्या भागात जानेवारीतही घर २२-२३ अंशांखाली जात नाही.

पशुवैद्य_कृष्णाकाठ (सांगली)

नाही. एक लपण्याची पेटी आणि भरपूर गवत पुरे. आपल्याला चिंता करायची ती मार्च ते जूनची. वातानुकूलन यंत्राचा गार झोत मात्र कोणत्याही ऋतूत पिंजऱ्यावर येऊ देऊ नये.

इंदूरकर_मराठी (इंदूर)

आमच्याकडेही थंडी चांगलीच पडते, म्हणून अंथरुणाविषयी लिहिते, कारण जागेइतकेच तेही महत्त्वाचे आहे.

सर्वांत आधी पिंजऱ्याचा तळ पाहावा. तो तारांच्या जाळीचा असेल तर खालून गारवा लागतो आणि पायांच्या तळव्यांना जखमाही होतात. तळ सलग, सपाटच हवा. दोघींसाठी निदान चार फूट बाय दोन फूट जागा असावी, कारण हिंडण्या-फिरण्यानेही अंग गरम राहते. पिंजरा फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर किंवा ठोकळ्यांवर वीतभर उचलून ठेवते. तळाशी वर्तमानपत्रांचे जाड थर, त्यावर जुना टॉवेल आणि त्यावर फ्लीसचे (मऊ कृत्रिम धाग्यांचे) कापड अंथरते. फ्लीस नवे असताना पाणी वरच धरून ठेवते. ते दोन-चार वेळा धुतले की ओल खाली टॉवेलात उतरते आणि वरचा भाग कोरडा राहतो. धुताना कपडे मऊ करणारे सुगंधी द्रावण वापरत नाही, त्याने हा गुण जातो.

लपण्यासाठी पुठ्ठ्याचे खोके ठेवते, त्याला दोन दारे कापते, म्हणजे एकीने दुसरीला आत अडवून धरण्याचा प्रसंग येत नाही. खोके मोठे घेऊ नये. दोघी अंगाला अंग लावून मावतील एवढेच असावे, तरच त्यांच्या श्वासाची आणि अंगाची ऊब आत टिकते. त्यात गवत दाबून नव्हे, पण भरपूर भरावे. त्या स्वतःच त्यात बोगदा करतात आणि रात्रभर खातातही. खाल्लेले तंतुमय अन्न आतड्यात आंबते, तेव्हाही अंगात उष्णता तयार होते, म्हणून थंडीत रात्रीचे गवत कधीही कमी पडू देऊ नये.

गोणपाट, लोकर आणि कापूस या तीन गोष्टी ऊबदार वाटल्या तरी मी पिंजऱ्याजवळ येऊ देत नाही. गोणपाटाचे सुटे धागे पायाला गुंडाळून रक्त अडते, आणि कापूस पोटात गेला तर आतडे तुंबते. पाइन किंवा देवदार यांचा ताजा भुसाही नको, त्याच्या उग्र वासाचा श्वसनाला त्रास होतो.

तुळशीवृंदावन (कोल्हापूर)

इंदूरकर ताई, जुनी गोधडी चालेल का? आमच्या घरी आजीच्या हातच्या गोधड्यांचा साठा आहे.

इंदूरकर_मराठी (इंदूर)

पिंजऱ्यावरून झाकण्यासाठी उत्तम. आत मात्र नको, तिचे टाके कुरतडून दोरे बाहेर येतात. आणि आजीची गोधडी त्यांनी कुरतडली तर घरात जे ऐकावे लागेल त्याला मी जबाबदार नाही!

सिंहगडपायथा (पुणे)

स्वयंपाकघराशेजारच्या बोळात पिंजरा आला की एक नवी गंमत सुरू होईल, त्याची तयारी ठेवा. फ्रिजचे दार उघडले किंवा कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज झाला की आमच्याकडे तार सप्तकात शिट्ट्या सुरू होतात. आमची मुलगी म्हणते, घरात कोथिंबीर कोणी आणली हे आता आईच्या आधी यांना कळते.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोळाला वर झरोका आहे, त्यामुळे हवेचा प्रश्न सुटेल. पिंजऱ्याचा तळ जाळीचा आहे, तो या आठवड्यातच फळी टाकून बदलते. आता खरी काळजी सासूबाईंची आहे. त्यांची खोली बोळापासून दूर असली तरी गवत आत येणार म्हणजे धूळ येणार. यावर कोणी काही उपाय केला आहे का?

दख्खनी_वारा (सातारा)

मला स्वतःला दमा आहे आणि आमच्या घरी तीन गिनीपिग आहेत, म्हणून अधिकाराने लिहितो. धूळ मुख्यतः दोन वेळा उडते: गवताची पिशवी उघडताना आणि अंथरूण झटकताना. ही दोन्ही कामे घराबाहेर करावीत. गवताचा साठा गॅलरीतच, पण पावसा-दवापासून सुरक्षित अशा कापडी पिशवीत ठेवावा; हवाबंद डब्यात राहिलेल्या ओलीने त्याला बुरशी लागते. दिवसाचे गवत बाहेरच झटकून, मग आत न्यावे. भुशाऐवजी फ्लीस वापरल्यानेही बराच फरक पडतो. पिंजऱ्याची जागा झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. आणि हे सर्व काम सासूबाईंना करू देऊ नये. एवढे करूनही त्यांना त्रास झाला, तर त्यांच्या डॉक्टरांचे म्हणणे अंतिम मानावे.

जाता जाता एक विनंती: डासांची कॉइल, उदबत्ती आणि धूप बोळात लावू नका. दिवाळीच्या आसपास डास असतात आणि पूजाही असतात, त्यामुळे हे सहज घडते. जे माझ्या छातीला सोसत नाही, ते त्यांच्या फुप्फुसांना कसे सोसेल? पिंजऱ्यावर मच्छरदाणीचे कापड टाकले तर काम होते. थंडीत काही घरांत कोळशाची शेगडी पेटवतात, तीही बंद जागेत नको, कारण तिचा वायू माणसालाही घातक असतो.

लीड्सवासी (इंग्लंड)

दिवाळीचा उल्लेख झाला म्हणून सांगतो, आमच्याकडे ५ नोव्हेंबरला सर्वत्र आतषबाजी असते आणि त्या सुमारास हीच काळजी घ्यावी लागते. त्या रात्री आम्ही खोक्यात नेहमीपेक्षा दुप्पट गवत भरतो, कारण त्याने आवाजही थोडा दबतो, आणि पिंजरा खिडकीपासून दूर ओढतो. तेव्हा थंडी अजून सुरू झाली नसली, तरी प्राणी आत हलवायचे असतील तर फटाक्यांच्या आधी हलवावेत.

तुळशीवृंदावन (कोल्हापूर)

आमच्याकडे एकच नर आहे. दुसरा आणावा का? थंडीत एकट्याला ऊब कमी पडते का?

पशुवैद्य_कृष्णाकाठ (सांगली)

ऊब कमी पडते हे खरे, परंतु सोबतीचे कारण त्याहून मोठे आहे. हा कळपाचा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार गिनीपिग एकटा ठेवता येत नाही. मात्र केवळ थंडीसाठी घाईने दुसरा आणून त्याच रात्री एका खोक्यात कोंबू नये. नव्या प्राण्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून तो निरोगी असल्याची खात्री करावी, मग मोकळ्या जागेत ओळख करून द्यावी. जुना नर असल्यामुळे खच्चीकरण झालेला नर किंवा लहान वयाचा नर निवडावा; मादी आणली तर दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्ले होतील आणि ऐन थंडीत त्यांची व्यवस्था करावी लागेल. तोपर्यंत एकट्याला लहान खोके, अधिक गवत आणि थंड रात्री कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी द्यावी. पिशवी रबराची असल्यास ती कुरतडली जाणार नाही, असे आवरण हवे.

गोदाकाठ (नाशिक)

काल फळी टाकून, फ्लीस अंथरून पिंजरा बोळात हलवला. दाराखाली जुन्या साडीची गुंडाळी लावली. एक तापमापक बोळात आणि एक गॅलरीत ठेवला होता. पहाटे गॅलरीत ११ आणि बोळात १७ अंश दाखवत होता. एवढ्यावर थांबावे, की अजून काही करावे? आणि दुपारी त्यांना उन्हात गॅलरीत न्यावे का?

पशुवैद्य_कृष्णाकाठ (सांगली)

उत्तम व्यवस्था झाली आहे. तापमापक कट्ट्यावर असेल तर तो पिंजऱ्याच्या तळाच्या उंचीवर आणून पुन्हा पाहावा, कारण जमिनीलगत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. तेथे १५ अंशांच्या वर राहिले तर वेगळी उष्णता देण्याची गरज नाही. कडाक्याच्या रात्री गोधडी झाकावी आणि सकाळी आठवणीने काढावी.

दुपारी कोवळ्या उन्हात अर्धा-पाऊण तास नेण्यास हरकत नाही, मात्र तेथे सावलीचा कोपरा हवा आणि ऊन उतरण्याआधी त्यांना परत आणावे. हिवाळ्यात आंघोळ घालू नये. केस ओले राहिले तर एवढी केलेली सोय वाया जाते. फ्रिजमधली भाजी थोडा वेळ बाहेर ठेवून मग द्यावी, आणि तिच्यात ढोबळी मिरची व कोथिंबीर रोज असावी, कारण या प्राण्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ते कमी पडले की संसर्गाशी झुंजण्याची ताकद घटते.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघींचे वजन करून लिहून ठेवावे. अंग फुगवून कोपऱ्यात बसणे, नाका-डोळ्यांभोवती खपली, श्वासाचा घरघर आवाज किंवा अर्धा दिवस काही न खाणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. घरातले माणसांचे औषध कदापि देऊ नये. ॲमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातील प्रतिजैविके तोंडावाटे दिली तर त्यांच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि त्यातून प्राणी दगावतो.

रानवाट (जुन्नर)

गोदाकाठ ताई, आमच्या बांधावर फवारणी नसलेली हरळी भरपूर आहे. सावलीत वाळवून पाठवू का? पेंढाही आहे, पण तो चालतो का हे डॉक्टरांनी सांगावे.

पशुवैद्य_कृष्णाकाठ (सांगली)

हरळी अवश्य पाठवा, पूर्ण वाळलेली आणि बुरशीचा वास नसलेली. पेंढा खाण्यासाठी निकस असतो आणि त्याची कडक टोके डोळ्यांना लागतात, म्हणून तो नको. लसूणघास पाठवू नये, प्रौढ प्राण्यांना त्यातील कॅल्शियमने मूतखड्याचा त्रास होऊ शकतो. आणि फेब्रुवारी अखेरीस नाशिकच्या दुपारी ३० अंशांपुढे जाऊ लागल्या की टॉवेलाचा थर आणि चादर आधी काढा. पिंजरा मात्र पहाटेचे तापमान गॅलरीतही १५ च्या वर टिकू लागेपर्यंत बोळातच असू द्या.